गटारी ते नागपंचमी: दारू एकदम सोडावी की हळूहळू?

प्रश्न एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगतो. मिस्टर ४४ वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. बारा-तेरा वर्षं पितात. हल्ली रोज क्वार्टर आणि वर नाईन्टी. त्यातली थोडी सकाळी घेतल्याशिवाय दाढीचं ब्लेड हातात धरवत नाही. दीर म्हणतात, ‘श्रावण लागतोय, अंबाबाईची शपथ घालायची आणि एकदम बंद.’ मिस्टर म्हणतात, ‘एकदम नको, रोज थोडी थोडी कमी करतो.’ गेल्या श्रावणात एकदम बंद केली होती, पण ‘दुसऱ्या दिवशी मोरीजवळ चक्कर येऊन पडले, जीभ चावली गेली, मग सासूबाईंनीच थोडी पाजली’. तर दोघा भावांत खरं कोणाचं?

ताई, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: जीभ चावली गेली. साध्या चक्करेत माणूस पांढरा पडतो, मटकन खाली बसतो, तोंडावर पाणी मारलं की दोन मिनिटांत भानावर येतो. त्याची जीभ सहसा चावली जात नाही. हातपाय ताठले, दातखिळी बसली, जिभेची कड फाटली, कपड्यात लघवी झाली आणि त्यानंतर अर्धा तास माणूस भांबावल्यासारखा बघत राहिला, तर ती फिट. तुमच्या मिस्टरांना गेल्या वर्षी दारू थांबल्यामुळं फिट आली होती, असं धरूनच मी पुढचं सगळं लिहितोय. सासूबाईंवर चिडू नका. कशाची उणीव पडली ते त्या माउलीनं बरोबर ओळखलं होतं, फक्त भरून काढायला हाताशी होती ती दारूच.

त्यामुळं दिरांचं अजिबात ऐकू नका, आणि मिस्टरांचंही निम्मंच ऐका. दारू एकदम बंद करता येते, पण तिची जागा घेणारं औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली पोटात गेल्यावर. मग हळूहळू उतरवायचं ते औषध. भावाभावांचं भांडण ज्या दोन शब्दांवरून चाललंय ते दोन्ही शब्द बरोबर आहेत. एक दारूला लागू पडतो, दुसरा औषधाला.

असं का, ते समजून घ्यायला कोल्हापुरात लांब जायला नको. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत कधी डोकावला असाल तर दोन पैलवान कपाळाला कपाळ लावून, मानेवर हात टाकून एकमेकांना रेटताना बघितले असतील. लांबून दोघं जागच्या जागी उभे दिसतात. जोर किती लागलाय ते त्यांच्या पायाखालच्या मातीला ठाऊक. त्यातला एक अचानक बाजूला झाला की दुसरा तोंडावर आपटतो. मेंदूत शांत करणारी एक यंत्रणा आहे, गाबा नावाच्या रसायनावर चालणारी, आणि चेतवणारी दुसरी, ग्लुटामेटवर चालणारी. दारू पहिलीला बळ देते, दुसरीला दाबते. वर्षानुवर्षं रोज असं चाललं की मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. शांत करणारी यंत्रणा बोथट होते, चेतवणारी वाढीव ताकदीनं चालू राहते. म्हणून तर तेवढी पोटात असूनही तुमचे मिस्टर भट्टीपुढं उभे राहू शकतात (राहू नये, हा भाग वेगळा). दारू काढून घेतली की समोरचा पैलवान गेला, आणि मेंदू सगळ्या जोरानिशी पुढं झेपावतो. हाताचा कंप, घाम, छातीतली धडधड, उलट्या, उडालेली झोप, फिट, भास ही सगळी त्या एका झेपेची लहानमोठी रूपं.

हे पिण्यामुळं होतं की पिणं थांबल्यामुळं, यावर वैद्यकातही बरीच वर्षं वाद होता. १९५५ साली अमेरिकेत लेक्झिंग्टन इथं हॅरिस इसबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना चांगलं खाणं आणि जीवनसत्त्वं देत रोज भरपूर दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. ४८ ते ८७ दिवस घेतलेल्यांत झटके आणि भ्रम, दोन्ही दिसले. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती, तरी. ते स्वयंसेवक तुरुंगवासाची शिक्षा भोगणारे होते आणि आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, पण प्रश्न मिटला. ‘चांगलं खाऊपिऊ घातलं की काही होत नाही’ असं सांगणारे पाहुणे अजून भेटतात, म्हणून हे सांगितलं.

आता श्रावणाकडं येतो. या गावात वीसेक वर्षं मानसोपचाराची प्रॅक्टिस करताना मी एक पंचांग मनाशी बांधलंय, ते असं. गटारी अमावास्येच्या रात्री बाराला शेवटचा घोट धरा. प्रतिपदेला सकाळी सहापासून दुपारपर्यंत हात कापायला लागतात, मळमळतं, शर्ट घामानं भिजतो. फिटचा धोका सहाव्या तासापासून अठ्ठेचाळिसाव्या तासापर्यंत, त्यातही चोवीस तासांच्या आसपास जास्त. म्हणजे प्रतिपदेची सकाळ ते द्वितीयेची रात्र. याच सुमारास काहींना भिंतीवर मुंग्या दिसतात, कुणीतरी नावानं हाका मारतंय असं ऐकू येतं, पण आपण आपल्या घरात आहोत हे कळत असतं. द्वितीयेच्या मध्यरात्रीपासून चतुर्थीपर्यंत खरा घात असतो. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, दवाखान्यात सगळे डीटी म्हणतात. ताप, बेफाम नाडी, अंगभर थरथर, दिवस-रात्र आणि जागा-माणसं कशाचाच पत्ता नाही. फिट येऊन उपचार न मिळालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला पुढं डीटी होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डीटी झालेल्या शंभरांतले पस्तीसपर्यंत दगावायचे. आज वेळेत उपचार मिळाले तर हा आकडा एक ते पाचवर येतो. नागपंचमी उजाडते पाचव्या दिवशी. घरात लाह्या आणि दूध, बायकांची पंचमीची गडबड, आणि ‘श्रावण पाळणारा’ गडी कॉटवर हातपाय झाडतोय, हे मी पुन्हापुन्हा बघितलंय.

डीटी म्हणजे काय ते एकदा बघितलं की विसरत नाही. पन्हाळ्याकडचे एक गुळव्या होते, पन्नाशीचे. गुऱ्हाळं जोरात चालू असताना मोटारसायकलवरून पडून नडगी मोडली. ऑपरेशन झालं, दोन दिवस ठीक गेले, तिसऱ्या रात्री दोन वाजता मला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर ऑपरेशन झालेल्या पायाची पर्वा न करता हे कॉटवर उठून बसलेले, दोन्ही हातांत चादरीचा पिळा धरून ढवळतायत. समोर गुळाचा रस उकळणारी काहील होती ना त्यांच्या! ‘चिपाड टाका रं चुलवाणात, जाळ कमी पडलाय! मळी वर आली, काढा की!’ सिस्टरला त्यांनी थोरल्या सुनेच्या नावानं हाक मारली. मी दोन्ही चिमटींत काहीही नसताना धागा ताणून धरल्यासारखं केलं आणि विचारलं, ‘मामा, हा दोरा कसला?’ त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. ‘पांढरा हाय,’ म्हणाले, ‘पर गाठ हाय त्याला मधी.’ ही आमची जुनी परीक्षा आहे. डीटीतल्या माणसाला नसलेला दोरा दिसतो. त्यांना तर गाठही दिसली.

सहाव्या दिवशी मामा शुद्धीवर आले, त्यातलं काहीएक आठवत नव्हतं. ते वाचले. पण हे टळलं असतं. ऑपरेशनच्या आधी ‘दारू किती?’ असं मुलाला विचारलं होतं. समोर चुलते आणि सोयरे उभे, त्यामुळं ‘कधीमधी, सणावाराला’ असं उत्तर आलं. कृपा करून हे लक्षात ठेवा. फ्रॅक्चर असो, हर्निया असो, घरचं कुणी रोज पिणारं माणूस दाखल होत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन खरा आकडा सांगा. अब्रू जात नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, ‘गेलं वर्ष सोडलं तर दर श्रावणात महिनाभर शिवत नाहीत, म्हणजे तसं व्यसन नाही म्हणायचं.’ माझ्याकडं येणारे निम्मे लोक हेच अभिमानानं सांगतात. त्यातला एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो. एकदम सोडणं, मग दसऱ्याला पुन्हा सुरू, पुढच्या श्रावणात पुन्हा एकदम सोडणं, असं दर वेळी झालं की मेंदूची झेप आदल्या वेळेपेक्षा मोठी होत जाते. पहिल्या वर्षी नुसता कंप, तिसऱ्या वर्षी भास, पाचव्या वर्षी फिट. ओली लाकडं फुंकून फुंकून एकदा पेटली की पुढच्या वेळी लवकर धरतात, तसं काहीसं. म्हणून ‘मागं तीनदा सोडलीय, काही झालं नाही’ हा दाखला धीर देणारा नाही, आणि तुमच्या मिस्टरांचा दाखला तर उघड धोक्याचा आहे. मागं एकदा फिट आलेल्यानं घरी, औषधाशिवाय, एकदम बंद करायचं नाही. यावर माझ्याकडून घासाघीस होणार नाही.

मग हळूहळूचं काय? ते चूक नाही. पण मोजून बघू.

१८० मिलि क्वार्टरमध्ये, आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या ४२.८ टक्के तीव्रतेनं, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. वरची नाईन्टी धरून तुमच्या मिस्टरांचे रोजचे नव्वदेक ग्रॅम झाले. यकृत तासाला ढोबळ मानानं सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. रात्री दहाला बाटली संपली तर सकाळी आठच्या आसपास रक्त कोरडं पडतं आणि दाढीचं ब्लेड थरथरायला लागतं. म्हणून सकाळचा घोट. तो घोट हौसेचा नसतो, औषधासारखा असतो. मी पहिल्या भेटीत किती पिता हे विचारायच्या आधी हेच विचारतो: सकाळी हात कापतो का, आणि घेतल्यावर थांबतो का? मग दोन्ही हात पुढं करायला लावून बोटांवर एक कोरा कागद ठेवतो. तोंड काहीही सांगू दे, कागद खरं सांगतो.

घरच्या घरी कमी करायची झाली तर एका वेळी साधारण दहा टक्क्यांच्या वर कपात नको, आणि पुढची कपात तीन-चार दिवस थांबून. २७० मिलिवरून निघालात तर पहिली पायरी जेमतेम २७ मिलिची, आणि अशा दहा पायऱ्या म्हणजे चाळीसेक दिवस. चाळीस दिवस रोज बाटली उघडायची, औषधाच्या मापानं मोजून ओतायची, बूच लावायचं आणि कपाटात ठेवून झोपायला जायचं. ज्याला हे जमतं त्याला माझी गरजच काय? पहिले दोन पेग पोटात गेल्यावर मोजणारा हात आणि ‘आता बास’ म्हणणारं डोकं दोन्ही दारूच्याच ताब्यात असतात. पगाराचा दिवस येतो, मेव्हण्याच्या मुलाचं बारसं येतं, एक दिवस मोडतो, आणि दुसऱ्या दिवशी अपराधी वाटून माणूस जेवढी जास्त झाली तेवढी कमी करायला जातो. ती उडी दोन-तीन पायऱ्यांची असते आणि फिट तिथंच गाठते.

काही घरांत मग बायकोला मोजणारीण करतात. कपाटाची किल्ली तिच्याकडं, माप तिच्याकडं. मला हा उद्योग बिलकूल पसंत नाही. चार दिवसांत ती त्या घराची बारमालकीण होते आणि सगळी भांडणं तिच्या पदरात.

‘व्हिस्की सोडून बिअरवर येतो’ हा त्याचाच धाकटा भाऊ. ६५० मिलिची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर घ्या. एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टर आणि वर एक मोठा पेग. ‘डॉक्टर, आता फक्त बिअर’ असं हसत सांगणाऱ्याचा कागद पूर्वीइतकाच थरथरतो. आणि हातभट्टी पिणाऱ्यानं कपातीचा विचारच करू नये, कारण आजच्या फुग्यात किती आणि उद्याच्या फुग्यात किती हे गाळणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात मिथेनॉल निघालं तर डोळे जातात, जीव जातो.

तरी हळूहळू कमी करण्याची एक जागा मी मानतो. डॉक्टर गाठायला दोन-चार दिवस लागणार असतील तर तोवर एकदम बंद करू नका. रोजच्यापेक्षा थोडी कमी, पण चालू ठेवा. नीतीच्या दृष्टीनं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण शरीराच्या दृष्टीनं हेच सुरक्षित आहे. उलट बाजूनं, आठवड्यातून एकदोनदा घेणारा, सकाळी कंप नाही, मागं कधी त्रास नाही, अशा माणसाला कपातीचं नाटक करायची गरज नाही. त्यानं आजच सोडावी.

आता औषधाबद्दल. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम ही एकाच घराण्यातली औषधं. दारू मेंदूतल्या ज्या शांत करणाऱ्या यंत्रणेला धरते तिलाच ही धरतात, फक्त मोजूनमापून. पहिला पैलवान बाजूला व्हायच्या आधी दुसरा आत उतरवायचा, आणि मग तो रोज थोडा थोडा मागं घ्यायचा, म्हणजे कुणी तोंडावर पडत नाही. पहिल्या दिवशी मात्रा जास्त, पुढं रोज कमी, साधारण पाच ते सात दिवसांत बंद. यकृत फार खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपामकडं कल, कारण थकलेल्या यकृतालाही ते झेपतं. १९६९ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये ५३७ रुग्णांवर चार औषधं आणि एक नुसती खोटी गोळी यांची तुलना झाली. फिट आणि डीटी सगळ्यात कमी दिसले क्लोरडायझेपॉक्साइडच्या गटात. त्या चारांत बी-१ जीवनसत्त्वही होतं, आणि एकट्या बी-१ नं हे दोन्ही टळले नाहीत. गल्लीतल्या दवाखान्यात ‘शक्तीचं इंजेक्शन’ मारून एकदम दारू बंद करायला सांगतात तेव्हा मला ही तुलना आठवते. आमच्याच व्यवसायाबद्दल सांगतो: कावीळ झालेल्या माणसाला ‘आजपासून थेंब नको, नाहीतर मराल’ असं बजावून, सोबत काहीही न देता घरी पाठवणारे डॉक्टर मी बघितलेत. माणूस ऐकतो, घाबरून सोडतो, आणि तिसऱ्या दिवशी फिट घेऊन परत येतो.

मात्रा इथं मुद्दाम लिहीत नाही. या गोळ्या आणि दारू एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. शिवाय जास्त दिवस घेतल्या तर त्यांचीच सवय लागते. म्हणून मेडिकलमधून ओळखीवर आणायच्या नाहीत, पाकीट मिस्टरांच्या खिशात ठेवायचं नाही, आणि डॉक्टर थांबवतील त्या दिवशी थांबवायच्या.

बी-१, म्हणजे थायमिन, मात्र हवंच, वेगळ्या कारणासाठी. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी असतं. कोल्हापुरात अशक्त माणसाला बघितलं की नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘डॉक्टर, एक सलाईन लावा की, ते पिवळं.’ ग्लुकोज जाळायला शरीर थायमिन वापरतं. उरलंसुरलं थायमिन त्या बाटलीतल्या ग्लुकोजनं संपवलं तर डोळ्यांची हालचाल अडखळते, चाल झिंगल्यासारखी होते, गोंधळ उडतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये हे वर्णन केलं, त्यांच्याच नावानं तो आजार ओळखला जातो, आणि तो वेळेत हाताळला नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. दहा मिनिटांपूर्वी कोण भेटलं ते न आठवणारी, आणि ती भोकं स्वतःच्या नकळत गोष्टी रचून भरणारी माणसं माझ्या ओपीडीत आहेत. तर आधी थायमिनचं इंजेक्शन, मग हवी तर बाटली. तुम्ही नुसतं विचारलंत, ‘बी-वन दिलं का आधी?’ तरी पुरे.

घरी औषध घेऊन सोडता येते का? पुष्कळांना येते. मागं फिट किंवा डीटी नाही, इतर मोठा आजार नाही, घरी चोवीस तास कुणीतरी शुद्धीत आहे आणि रोज एकदा दाखवायला आणता येतं, तर चालतं. फिट आलेली, साठीपुढचा, कावीळ किंवा पोटात पाणी, साखर किंवा हृदयाचं दुखणं, सततच्या उलट्या, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं, यातलं एकही असेल तर दाखल करायचं. तुमच्या मिस्टरांना दाखल करावं असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त आठवडाभर. शिवाय ती पहिली फिट कधी तपासलीच गेलेली नाही. ती दारूचीच होती, डोक्याला मार किंवा साखर घसरल्यामुळं नव्हती, हेही बघावं लागेल.

दोन गोष्टी अजिबात करू नका. दिरांनी ‘मळ्यातल्या खोलीत चार दिवस कोंडून घालू’ असं म्हटलं असेल, कुणीतरी म्हणतंच. आत फिट आली तर दार उघडेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि दुसरी, चहात किंवा भाजीत चोरून मिसळायची गोळी. त्यात बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना वर दारू गेली की चेहरा लाल होतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, कधी हृदयच थांबतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीत आहे, ज्याची तयारी आहे, तपासण्या झाल्यात, त्यानं समजून-उमजून घेतली तर हेच चांगलं औषध आहे. चोरून दिलं तर विषप्रयोग आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

दाखल करायच्या आधीच घरी फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली उशी किंवा टॉवेल द्या, घड्याळ बघा, १०८ ला फोन लावा. कांदा, चप्पल, लोखंड काहीही नाकाला लावायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. फिट थांबली तरी न्यायचंच. तारीख-वार चुकणं, नसलेली माणसं दिसणं, ताप, रक्ताची उलटी, जागं करूनही जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तरी तेच.

ते सात दिवस झाले की सगळं झालं, असं मात्र नाही. शरीर सुटतं, सवय सुटत नाही, आणि त्यावर मी इथं थोडकंच लिहितो कारण तुमचा प्रश्न तो नव्हता. ओढ कमी करायला नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, यकृत आणि मूत्रपिंड बघून यांतलं एक निवडतात. झोप दोन-तीन महिने विस्कळीत राहते, त्याला ‘वेड लागलं’ म्हणू नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या सभांना जाऊन कितीतरी माणसं टिकली आहेत, ते फुकट आहे. पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम आपल्या भाषेत उभं केलं आहे. दुसरं कुठलंही केंद्र निवडताना तीन गोष्टी विचारा: रात्री डॉक्टर असतो का, पहिल्या आठवड्यात औषध कोण देतं, आणि आम्हाला भेटू देता का. तिसऱ्यावर टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

खर्चाची भीती असेल तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याची मानसोपचार ओपीडी आहे. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही सरकारी आणि मोफत.

आता तुम्ही काय करायचं ते. गटारीची वाट बघू नका, या आठवड्यातच आणा. फौंड्रीतून आठवड्याची रजा ‘पोटाच्या दुखण्याची’ म्हणून घेतली तरी मी हरकत घेणार नाही. जुने रिपोर्ट आणा, आणि गेल्या आठ दिवसांत खरोखर किती बाटल्या झाल्या ते मोजून, रिकाम्या बाटल्यांवरून, चिठ्ठीवर लिहून आणा. सासूबाईंनाही आणा, ती फिट त्यांनी बघितलीय. ओपीडीला यायच्या दिवशी सकाळी ‘डॉक्टरकडं जायचंय, आज नको’ असं म्हणून त्यांना एकदम कोरडं ठेवू नका, हात थांबेल एवढी घेऊ द्यात. झिंगलेले आले तर मला काही तपासता येणार नाही, तेवढं सांभाळा. आणि गाडी त्यांना चालवू देऊ नका, रिक्षानं या.